क्रूझवर जाणारे सत्तरीपुढचे प्रवासी आणि वैद्यकीय विमा: नेमकं काय तपासायचं?

वाटसरू

नमस्कार मंडळी. दोन ज्येष्ठ प्रवाशांसाठी बारा रात्रींच्या समुद्री क्रूझचा वैद्यकीय विमा घ्यायचा आहे. एकाचं वय ७६, रक्तदाबाची गोळी चालू, पाच वर्षांपूर्वी एक स्टेंट. दुसरीचं ७१, मधुमेह, इन्सुलिन नाही, फक्त गोळ्या. वाटेत चार देशांची बंदरं आणि मध्ये सलग दोन दिवस नुसता समुद्र.

माहितीपत्रकं वाचून डोकं गरगरायला लागलंय. प्रत्येकात विम्याची रक्कम ठळक अक्षरांत आणि बाकी सगळं बारीक अक्षरांत. माझे प्रश्न असे: साधा परदेश प्रवासाचा विमा जहाजावर चालतो, की क्रूझचं कव्हर वेगळं असतं? जहाजावरच्या दवाखान्याचं बिल कॅशलेस होतं का? स्टेंटला पाच वर्षं झाली, त्रास काही नाही, तरी तो कळवायचा का? आणि भर समुद्रात काही झालं तर पुढे नेमकं काय होतं?

भरती_ओहोटी

स्टेंट कळवायचाच. बाकीचं जाणकार सांगतीलच.

दीपस्तंभ

रकमेकडे सगळ्यात शेवटी बघा. ज्येष्ठांचे क्लेम अडकतात ते बहुधा दुसऱ्याच ठिकाणी: पॉलिसीत क्रूझ धरलेलीच नसते, जुना आजार सांगितलेला नसतो, किंवा विमा कंपनीच्या मदत केंद्राला न विचारता परस्पर खर्च केलेला असतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पॉलिसीप्रमाणे बदलतं. काही पॉलिसींत क्रूझ आपोआप धरलेली असते, काहींत ‘क्रूझ कव्हर’ नावाचं जोडकव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि काहींत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत समुद्रप्रवासाचा उल्लेख असतो. म्हणून माहितीपत्रकावर न जाता पूर्ण पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचा मजकूर, मागा आणि त्यात ‘क्रूझ’ हा शब्द शोधा. व्याख्येच्या पानावर एकदा आणि वगळलेल्या गोष्टींत एकदा, दोन्हीकडे बघायचं. नदीतली क्रूझ असेल तर आणखी एक गाठ आहे. काही कंपन्या क्रूझ म्हणजे फक्त समुद्रातली असं धरतात, मग नदीवरचा प्रवास साध्या कव्हरमध्येच येतो.

दुसरं, प्रदेश. सगळी बंदरं लिहून काढा आणि त्यातल्या सगळ्यात महाग आणि सगळ्यात दूरच्या देशाला लागू होणारा गट घ्या. ‘अमेरिका व कॅनडा वगळून जगभर’ हा गट स्वस्त पडतो, पण कॅरिबियन क्रूझवर गंभीर रुग्णाला पुष्कळदा मायामीला हलवावं लागतं. तिथे हा गट उपयोगाचा नाही. युरोपातल्या क्रूझचंही तसंच. मोरोक्को, तुर्कस्तान, इजिप्तची बंदरं मार्गात असली की ‘फक्त शेंगेन’ (युरोपातल्या सामाईक व्हिसाचे देश) पॉलिसी अपुरी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, पण ती व्हिसाची अट आहे. जहाजावरून हवाई रुग्णवाहिकेने घरी आणण्याच्या खर्चाचा तो अंदाज नव्हे.

केवडा

इतकं खोलात जायची गरज आहे का? क्रूझ कंपनी बुकिंगच्या वेळीच विमा विकते. एक खूण केली की झालं. जहाज त्यांचं, दवाखाना त्यांचा, विमाही त्यांचाच, म्हणजे भांडणाला जागाच नाही.

सुकाणू

@केवडा, त्या विम्याची एक बाजू खरंच चांगली आहे. प्रवास रद्द झाला तर पैसे परत मिळण्याच्या अटी त्यात बहुधा सोप्या असतात. जुन्या आजारामुळे रद्द करावं लागलं तर काही कंपन्या रोख नाही तरी पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट देतात. पण उपचारांच्या आणि रुग्णाला हलवण्याच्या खर्चाची मर्यादा त्यात बऱ्याचदा लहान असते. शिवाय जहाजात चढायच्या आधीचे दोन दिवस, स्वतंत्र काढलेली विमानाची तिकिटं, हे त्यात बऱ्याचदा येत नाही. आणि विमा क्रूझ कंपनीचा नसतोच. तिच्यामार्फत दुसरी विमा कंपनी तो देते. क्लेम जातो तिकडे.

जहाजावरच्या दवाखान्याबद्दल. बहुतेक मोठ्या समुद्री क्रूझ कंपन्या अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दवाखाना ठेवतात. प्रवासी आणि कर्मचारी मिळून दर हजार माणसांमागे एक खाट, किमान एक अतिदक्षता खोली, चोवीस तास डॉक्टर-नर्स, ईसीजी, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), रक्ताच्या मोजक्या चाचण्या, आणि नव्या जहाजांवर एक्स-रे. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं औषधही असतं. साधारणपणे नसतं ते सीटी स्कॅन, अँजिओप्लास्टी, डायलिसिस आणि रक्तपेढी.

पैसे? कॅशलेस धरून चालू नका. उपचार खाजगी असतात. बिल केबिनच्या खात्यावर चढतं, म्हणजे ज्या कार्डाने किनाऱ्यावरच्या सहलींचे पैसे जातात त्याच कार्डावर. बिलाची रचना अशी असते: तपासणी एक ओळ, दवाखान्याच्या वेळेबाहेर बोलावलं तर त्याचा वेगळा आकार, सलाइन वेगळं, सलाइन लावायचं सामान वेगळं, ईसीजी वेगळा, प्रत्येक इंजेक्शन वेगळं, ऑक्सिजन आणि देखरेख तासांवर. अतिदक्षता खोलीत एक रात्र काढली की कार्डाची मर्यादा संपू शकते. म्हणून निघण्याआधी बँकेकडून मर्यादा वाढवून घ्या आणि दुसरं कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवा. हे बिल आधी भरायचं आणि मग विम्याकडून परत मिळवायचं.

अनुज्ञा

घरचा आरोग्य विमा असतोच की. तो बाहेर चालत नाही का?

दीपस्तंभ

@अनुज्ञा, फार थोडा. उदाहरणादाखल अमेरिकेतल्या मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा नियम बघा. जहाज अमेरिकी बंदरात असेल किंवा तिथून सहा तासांपेक्षा जास्त दूर नसेल, तरच जहाजावरच्या उपचाराचा विचार होतो. सहा तासांपुढे काही नाही. युरोपातलं आरोग्य कार्ड सरकारी सेवेपुरतं असतं आणि जहाजावरचा दवाखाना खाजगी, त्यामुळे तेही कामाचं नाही. जहाजाची नोंदणी बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा ठिकाणची असते. आपण कुठून चढलो यावरून आपल्या देशाची आरोग्य व्यवस्था जहाजावर येत नाही.

प्राजक्त

एक प्रामाणिक शंका. जहाज कंपनीची काही जबाबदारी नसते का? आपण त्यांच्या ताब्यात असतो ना.

दीपस्तंभ

अपघात असेल तर असते. १९७४ चा अथेन्स करार आणि त्याची २००२ ची सुधारणा याच विषयावर आहे. जहाज बुडणं, धडकणं, आग लागणं, किंवा कंपनीच्या हलगर्जीपणामुळे इजा होणं, यात वाहकावर दायित्व येतं. छातीत दुखायला लागलं, साखर उतरली, न्यूमोनिया झाला, हे त्यात बसत नाही. आजार हा प्रवाशाचा स्वतःचा, म्हणून विमाही स्वतःचा.

निशिगंधा

आता वाटसरूंचा स्टेंटचा प्रश्न. आरोग्याची प्रश्नावली भरताना बहुतेक घरी होणारा गोंधळ हा की ‘सध्या त्रास आहे का’ हा प्रश्न मनात धरून उत्तरं दिली जातात. प्रश्नावली तसं विचारत नाही. ‘कधी निदान झालं आहे का’, ‘कधी उपचार घेतले का’, ‘ठरावीक मुदतीत औषध बदललं का’ असं विचारते. स्टेंट एकदा बसला की ‘कधी’ला उत्तर ‘हो’.

त्या ठरावीक मुदतीला पुष्कळ पॉलिसींत लुक-बॅक म्हणतात. ६० दिवस, ९० दिवस, १८० दिवस, काही ठिकाणी त्याहून जास्त. या काळात आजार ‘स्थिर’ असला पाहिजे. स्थिर म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे. नवं औषध नाही, डोस बदल नाही, नवी तपासणी सुचवलेली नाही, दवाखान्यात भरती नाही, तज्ज्ञाकडे पाठवलेलं नाही. रक्तदाबाची ५ मिलिग्रॅमची गोळी प्रवासाच्या दोन महिने आधी अडीचवर आणली, तर तो बदल झाला.

भरती_ओहोटी

हे मला पटत नाही. डोस कमी होणं म्हणजे तब्येत सुधारली. त्यासाठी क्लेम नाकारणं म्हणजे बरं झाल्याची शिक्षा.

निशिगंधा

@भरती_ओहोटी, भावना अगदी रास्त आहे. काही कंपन्यांच्या व्याख्येत डोस कमी होणं बदल धरत नाहीत, आणि मधुमेहात साखरेप्रमाणे नेहमीचा थोडा फेरफारही चालतो. पण ते व्याख्येत तसं लिहिलेलं असायला हवं. विमा कंपनीच्या नजरेतून बघा. डोस कमी केला म्हणजे नव्या डोसवर शरीर कसं वागतं ते अजून दिसायचं आहे. म्हणून नियमित तपासणी प्रवासाच्या तोंडावर न करता लुक-बॅक मुदतीच्या आधी उरकावी. गरजेचा औषधबदल विम्यासाठी अजिबात टाळू नये. तो करावा आणि लगेच कळवावा.

आणखी एक जागा जिथे पाय घसरतो: निदान न झालेली लक्षणं. ‘चालताना थोडी धाप लागते, परत आल्यावर इको (हृदयाची सोनोग्राफी) करू’ असं डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असेल तर बहुतेक पॉलिसी त्या धापेशी जोडलेलं काहीही देणार नाहीत. तपासणी आधी, प्रवास नंतर.

चाफेकळी

पॉलिसी घेतल्यावर आणि निघायच्या आधी काही बदललं तर? घेताना तर सगळं खरं लिहिलं होतं.

दीपस्तंभ

तेही कळवायचं. मधल्या काळातला बदल कळवायची अट अनेक पॉलिसींत असते. कंपनी एकतर आहे तसं चालू ठेवते, जादा प्रीमियम मागते, तो आजार वगळते, किंवा कव्हर देता येत नाही सांगते. शेवटच्या प्रकारात प्रवास रद्द करायचा खर्च त्याच पॉलिसीतून मिळतो का हे बघायचं. सगळं लेखी. फोनवर बोललात तर फोन संपल्यावर लगेच मेल: ‘आज इतक्या वाजता झालेल्या बोलण्यानुसार...’

पॉलिसी कधी घ्यावी हा प्रश्न येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. क्रूझचा पहिला हप्ता भरला की लगेच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक पॉलिसींत पहिल्या हप्त्यापासून १४ ते २१ दिवसांत विमा घेतला तर जुन्या आजाराची अट शिथिल होते. जिथे अशी सवलत नाही तिथेही लवकर घेतल्याचा फायदा आहेच, रद्द करण्याचं कव्हर त्या दिवसापासून चालू होतं.

वाटसरू

खूप खूप आभार. स्टेंटबद्दल शंका उरली नाही. पण ७६ हे वय अडचणीचं आहे. एका ठिकाणी ‘७५ पर्यंत’ लिहिलंय, दुसरीकडे ८०.

सुकाणू

वयाबद्दल तीन गोष्टी विचारा. वय कोणत्या तारखेचं धरतात, पॉलिसी घेतल्याच्या की प्रवास सुरू होण्याच्या? वाढदिवस मधे येत असेल तर याने गट बदलतो. दुसरं, वर्षभरातल्या अनेक प्रवासांसाठीच्या वार्षिक पॉलिसीची वयोमर्यादा एका प्रवासाच्या पॉलिसीपेक्षा बहुधा कमी असते, म्हणून एका ठिकाणी नकार आला तर त्याच कंपनीची एका प्रवासाची पॉलिसी विचारून बघा. वार्षिक पॉलिसीत एका फेरीचे दिवसही ठरलेले असतात, ३०, ४५, ६० असे. लागोपाठ दोन क्रूझ जोडून घेतल्या तर ती मर्यादा ओलांडली जाते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. वरची रक्कम मोठी दिसते पण ठरावीक वयापुढे आत उपमर्यादा असतात. खोलीभाडं रोज इतकंच, शस्त्रक्रिया इतकीच, डॉक्टरची भेट इतकीच. तक्त्यातला ‘६० वर्षांवरील’ किंवा ‘७० वर्षांवरील’ हा रकाना शोधा. ठळक आकडा दोघांना सारखा असला तरी या रकान्यामुळे ७६ वाल्यांना प्रत्यक्षात मिळणारी रक्कम पुष्कळ कमी असू शकते. उपमर्यादा नसलेली लहान रक्कम मला उपमर्यादा असलेल्या मोठ्या रकमेपेक्षा बरी वाटते.

अनुज्ञा

भर समुद्रात काही झालं तर काय, हा मूळ प्रश्न राहिलाच आहे.

निशिगंधा

हो, तो सविस्तर घेऊ, कारण ‘विमा आहे म्हणजे हेलिकॉप्टर येईल’ असा पक्का समज असतो.

समजा पहाटे छातीत दुखू लागलं. केबिनमधल्या फोनवरून दवाखान्याचा तातडीचा नंबर लावायचा. डॉक्टर ईसीजी काढतो, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतो, ऑक्सिजन आणि औषधं सुरू करतो. इथे जुन्या ईसीजीची छापील प्रत असेल तर तिची किंमत फार मोठी. स्टेंट बसलेल्या माणसाच्या ईसीजीत जुने बदल असू शकतात. समोर जुना कागद असला की नवीन काय ते डॉक्टरला लगेच दिसतं. दोन घड्यांचा तो कागद औषधांच्या पिशवीतच ठेवा.

पक्षाघाताचं दुखणं वेगळं. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनने बघावं लागतं. जहाजावर सीटी नाही. म्हणजे औषध हाताशी असूनही देता येत नाही, आणि सगळा भर किनारा किती लवकर गाठता येतो यावर येतो.

किनाऱ्याकडे वळायचं का, वेग वाढवायचा का, हेलिकॉप्टर मागवायचं का, हा निर्णय जहाजाच्या डॉक्टरच्या सल्ल्याने कप्तान घेतो, किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राशी बोलून. विमा कंपनी यात हुकूम देत नाही आणि तिच्या मंजुरीसाठी कोणी थांबतही नाही. हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित असतो, वाऱ्यात आणि उंच लाटांत दोरीने वर ओढणं धोक्याचं असतं, आणि नाजूक रुग्णासाठी ते ओढणंच जास्त घातक ठरू शकतं. महासागर ओलांडणाऱ्या क्रूझवर मधले दिवस पल्ल्याबाहेरच जातात. अंटार्क्टिकाच्या क्रूझवर दक्षिण अमेरिकेपासूनचा ड्रेक पॅसेज हा समुद्र ओलांडायलाच सुमारे दोन दिवस, आणि हवा साफ असली तरच तिथल्या किंग जॉर्ज बेटावरून विमान चिलीतल्या पुंता आरेनासला नेतं. कितीही मोठी पॉलिसी हे अंतर कमी करत नाही. म्हणून हृदयाच्या रुग्णासाठी मार्ग निवडतानाच सलग समुद्रातले दिवस मोजायचे.

प्राजक्त

हा मुद्दा कोणी सांगत नाही. दोन समुद्री दिवस म्हणजे ४८ तास नव्हे, निघाल्याच्या संध्याकाळपासून पुढच्या बंदराच्या सकाळपर्यंत धरलं तर साठेक तास होतात.

सुकाणू

बरोबर. पण ते साठही तास किनाऱ्यापासून सारखेच दूर नसतात. नकाशावर मार्ग काढून बघा. भूमध्य समुद्रात ‘समुद्री दिवस’ असला तरी किनारा बहुधा काही तासांवर असतो.

आता बंदरात उतरवल्यानंतरचं. रुग्णाला उतरवलं की जहाज त्याच्यासाठी थांबून राहत नाही. कंपनीचा बंदरातला एजंट रुग्णवाहिका आणि कागदपत्रं बघतो. तेवढ्या वेळात सोबतच्या माणसाने करायची कामं: दोघांचे पासपोर्ट स्वागतकक्षातून परत घ्या (काही मार्गांवर ते जहाजाकडेच जमा असतात), तिजोरी रिकामी करा, औषधं हातात ठेवा, सामान एकाच वेळी बाहेर काढा, आणि बिल भरून दवाखान्यातून कागद घ्या. डॉक्टरची सही-शिक्क्याची नोंद, ओळीओळीचं बिल, पैसे भरल्याची पावती, ईसीजीची प्रत. नंतर ईमेलवरून मागवायला गेलं तर आठवडे जातात आणि क्लेमची मुदत चालू असते.

सोबतच्यालाही बहुधा उतरावं लागतं, हे खर्चात धरा. ‘सोबतच्या व्यक्तीचा राहण्याचा व परतीचा खर्च’ हे कलम पॉलिसीत आहे का आणि किती दिवसांचं आहे ते बघा. दोघांची पॉलिसी वेगवेगळ्या कंपन्यांची असेल तर आजारी एक आणि प्रवास अर्धवट सुटला दोघांचा. दुसऱ्याला आपल्या कंपनीकडे ‘सहप्रवाशाच्या आजारामुळे’ क्लेम करावा लागतो, आणि तिथे सहप्रवाशाचा जुना आजार वगळलेला असू शकतो. एकाच पॉलिसीत दोघं असलेली बरी.

चाफेकळी

थोडं अवांतर: बोट लागते त्याची गोळी विम्याला सांगायला लागते का?

निशिगंधा

विम्याला नाही, पण डॉक्टरला नक्की विचारा. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी ज्येष्ठांत गोंधळलेपण, तोंडाला कोरड आणि लघवी अडकणं करू शकते. अरुंद कोनाच्या काचबिंदूत ती टाळतात, प्रोस्टेट वाढलेली असेल तर जपून.

आणि वाटसरूंच्या ७१ वाल्या प्रवाशासाठी: उलट्या-जुलाब सुरू झाले तर मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे त्यांच्या डॉक्टरकडून निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. पोटात अन्न टिकत नसताना साखर झपाट्याने उतरते आणि शरीरातलं पाणी कमी होतं. जहाजावर नोरोव्हायरस पसरतो तेव्हा नेमकं हेच होतं. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात. हाताला लावायचं अल्कोहोल जेल त्यावर फारसं चालत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे. आजारी प्रवाशाला लक्षणं थांबल्यावरही साधारण २४ ते ४८ तास केबिनमध्येच ठेवतात. काही क्रूझ कव्हरमध्ये ‘केबिनमध्ये बंदिस्त’ राहिल्याचा दिवसाप्रमाणे भत्ता असतो, पण जहाजाच्या डॉक्टरने तसं लेखी दिलं असेल तरच मिळतो.

भरती_ओहोटी

झोपेत श्वास अडकू नये म्हणून सीपॅप यंत्र लावणाऱ्यांसाठी: डिस्टिल्ड वॉटर आणि एक्स्टेन्शन वायर जहाजाला आधी कळवून मागवावी लागते. आयत्या वेळी मिळेलच असं नाही, आणि स्वतःची वायर पुष्कळदा चढतानाच काढून घेतात. औषधं मोठ्या बॅगेत नकोत. ती बॅग केबिनमध्ये पोचायला कित्येक तास लागतात.

केवडा

मी पहिल्यांदा फार सोपं करून लिहिलं होतं, ते मागे घेते. पण ‘घरी आणणं’ याबद्दल कोणी लिहिलं नाही. पॉलिसीत इव्हॅक्युएशन आणि रिपॅट्रिएशन असे दोन शब्द असतात, फरक काय?

दीपस्तंभ

चांगला प्रश्न. पहिला म्हणजे आहे तिथून जवळच्या योग्य रुग्णालयात हलवणं. दुसरा म्हणजे तब्येत स्थिर झाल्यावर मायदेशी आणणं, आणि मृत्यू झाला तर पार्थिव आणणं. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. ‘जवळचं योग्य’ कोणतं हे मदत केंद्राचे डॉक्टर उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोलून ठरवतात, नातेवाईक नव्हे. आपल्या पसंतीच्या रुग्णालयात नेण्याचं कव्हर हवं असेल तर ते वेगळ्या प्रकारचं सदस्यत्व असतं.

घरी आणायचा मार्ग तब्येतीवर ठरतो. साध्या सीटवर, सोबत नर्स देऊन, स्ट्रेचरवर, किंवा हवाई रुग्णवाहिकेने. नेहमीच्या विमानात स्ट्रेचर लावायला इकॉनॉमीच्या साधारण सहा ते नऊ सीट जातात, आणि सगळ्या विमान कंपन्या ते करत नाहीत. विमान कंपनी मेडिफ नावाचा फॉर्म मागते. केबिनमधला हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी असू शकतो, म्हणून ऑक्सिजन लागेल का ते त्यात डॉक्टरने लिहायचं. पायाला प्लास्टर घालून ४८ तास झाले नसतील तर सूज वाढेल म्हणून ते लांबीत चिरून घ्यावं लागतं. ही सगळी व्यवस्था मदत केंद्राने केली तर खर्च त्यांचा. घाईत स्वतः तिकिटं काढून परत आलात तर प्रवास अर्धवट सुटल्याचा क्लेमही अडू शकतो, कारण परतायच्या आधी कळवणं ही अट असते.

अनुज्ञा

मदत केंद्राला फोन करायचा तर भर समुद्रात फोन लागतो का?

सुकाणू

जहाजाच्या वायफायवरून ईमेल आणि बहुधा व्हॉट्सॲप चालतं, दवाखान्यातूनही फोन करू देतात. केंद्राचा नंबर देशाच्या कोडसकट लिहून ठेवा, टोल-फ्री नंबर परदेशातून बहुतेकदा लागत नाही. घरी असलेल्या एका माणसाकडे पॉलिसीची प्रत द्या. जहाजावर धावपळ चालू असताना त्याने फोन करून केस नंबर घेतला तरी ‘कळवलं’ असं होतं.

प्राजक्त

वजावटीचं म्हणजे डिडक्टिबलचंही विचारा. दर क्लेमला एकदा की दर कलमाला वेगळी? जहाजावरचं बिल एक आणि किनाऱ्यावरच्या रुग्णालयाचं दुसरं, तर दोनदा कापणार का?

वाटसरू

सगळं वाचून तीन कंपन्यांना पाठवायचा मेल तयार केला आहे, बघता का?

‘प्रवासी १, वय ७६, यांना पूर्वी हृदयाचा त्रास होता, आता पूर्णपणे ठीक आहेत. प्रवासी २, वय ७१, यांना सौम्य मधुमेह आहे. १२ रात्रींच्या प्रवासासाठी विमा हवा आहे. जहाजावरचे उपचार, समुद्रातून हलवणे व मायदेशी आणणे यांत समाविष्ट आहे का, प्रत्येकाची मर्यादा किती, ७० वर्षांवरील उपमर्यादा आहेत का, आणि वजावट कशी लागते, हे लेखी कळवावे.’

निशिगंधा

प्रश्न उत्तम आहेत, माहिती बदला. ‘पूर्णपणे ठीक’ आणि ‘सौम्य’ हे आपले शब्द झाले, उद्या त्यांचा अर्थ कंपनी लावेल. त्याजागी निदान, महिना आणि वर्ष, औषधाचं नाव, डोस, आणि डोस शेवटचा कधी बदलला ते लिहा. मधुमेहासाठी शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) आणि त्याची तारीख. स्टेंटनंतर रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही. मेल लिहिताना ती हमखास विसरते आणि पडून डोक्याला मार लागला तर पहिला प्रश्न तिचाच येतो.

दीपस्तंभ

आणि ‘१२ रात्रींच्या प्रवासासाठी’ ऐवजी ‘१२ रात्रींच्या समुद्री क्रूझसाठी’ असं लिहा, जहाजाचं नाव आणि सगळी बंदरं क्रमाने देऊन. दोघांच्या जन्मतारखाही टाका. घरून निघाल्याची आणि घरी पोचण्याची तारीख द्या, जहाजात चढण्या-उतरण्याची नव्हे. परतीचं विमान चुकलं तर जास्तीचे दिवस आपोआप वाढतात का, हा एक प्रश्न शेवटी जोडा.

वाटसरू

विसरलेली गोळी खरंच राहिली होती, क्लोपिडोग्रेल, ७५ मिलिग्रॅम. टाकली. बंदरं आणि जन्मतारखाही टाकल्या. मेल आत्ता तिघांना गेला.